वाद झाला तेव्हा चित्र मास्तरांचं, पुस्तक काढायचं म्हटलं तेव्हा पेपरचं: एका व्यंगचित्रकाराचं प्रकरण

नावं, गाव, पेपर सगळं काढून टाकलंय आणि दोनचार आकडेपण जरा इकडचे तिकडे केलेत. चित्रातला प्राणीसुद्धा बदललाय, कारण मूळ प्राणी लिहिला तर आमच्या भागातली माणसं दोन मिनिटात ओळखतील. बाकी घडलं ते तसंच आहे. त्यात माझापण हात आहे, तो पुढे येईलच. मी तेव्हा त्या पेपरात संपादकीय पानाला उपसंपादक होतो.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला जिल्ह्याचा पेपर म्हणतात तसला पेपर. मुख्य आवृत्ती शहराची, आणि त्याआधी तीनचार तास निघणारी डाक आवृत्ती, ती तालुक्यांना जाते. ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो ते १९९४ ला तिथे लागले. आधी एटीडी म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करून एका हायस्कुलात विनाअनुदानित तुकडीवर चित्रकला शिकवत होते, पगार कागदावरच, म्हणून पेपरात आले. मास्तर हे नाव मात्र तिथूनच चिकटलं. नेमणुकीच्या पत्रावर पद लिहिलेलं होतं 'कलाकार'. व्यंगचित्रकार हा शब्द त्यांच्या एकाही कागदावर शेवटपर्यंत आला नाही, हे लक्षात ठेवा.

सुरुवातीची तीन वर्षं सदरांची हेडिंगं काढ, अपघाताचा नकाशा काढ, निवडणूक आली की मतदारसंघाचे नकाशे, दिवाळी पुरवणीची रांगोळी, असलीच कामं. मग १९९७ ला मालकांच्या मनात आलं की पहिल्या पानावर आपलंपण पॉकेट कार्टून, म्हणजे रोजचं छोटं चौकटीतलं व्यंगचित्र, पाहिजे. तेव्हा हे सगळ्याच पेपरांना वाटायचं. लक्ष्मणांचा कॉमन मॅन १९५१ पासून टाइम्समध्ये रोज उभा होता, आणि मराठी माणसाला तर व्यंगचित्र म्हणजे काय असतं आणि त्यातून काय काय उभं राहू शकतं हे 'मार्मिक'पासून पाठच आहे. म्हणून मग मास्तर, तुम्ही काढा.

मास्तरांनी पहिल्या वर्षातच चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक म्हैस काढायला सुरुवात केली. ती कधी बोलायची नाही. मंत्री खड्ड्यात पडलाय, साखर कारखान्याची सभा पाच मिनिटात उरकलीय, नळाला चौथ्या दिवशी पाणी आलंय, आणि म्हैस आपली रवंथ करत बघतेय. लोक चित्राआधी म्हैस बघायचे. बाजारात मास्तर दिसले की "काय म्हणतीय म्हस?" असं विचारायचे, मास्तरांची चौकशी कुणी करायचं नाही. त्यांना त्याचं भारी कौतुक होतं.

पुढे २००२ च्या आसपास संपादकीय पानावर तीन कॉलमी मोठं चित्रपण सुरू झालं. कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचा घोळ त्यातच आहे. दुपारी तीनच्या मीटिंगला मास्तर जुन्या प्रेसनोटच्या पाठीवर पेन्सिलीने तीन कल्पना काढून आणायचे, साहेब म्हणजे संपादक त्यातली एक निवडायचे, मग मास्तर कार्डशीटवर कॅमलच्या वॉटरप्रूफ काळ्या शाईने, टाक आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन पक्कं करायचे. आधी त्याचं ब्रोमाईड म्हणजे पानावर चिकटवायची फोटोप्रत निघायची, नंतर स्कॅनर आला. साडेसहाला स्कॅन झालं की मास्तर सातच्या एसटीने गावी. म्हणजे पान लागताना, जाहिराती वर खाली होताना, डाकेचं पान सुटताना चित्र काढणारा माणूस बिल्डिंगमध्ये नसायचाच. पंधरासोळा वर्षं असंच चाललं आणि कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही, मलापण नाही.

अजून एक गोष्ट पार्श्वभूमीतच सांगायला हवी. ११ नोव्हेंबर २०११ ला पेपरातल्या लोकांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना निघाली. बऱ्याच पेपरांत तेव्हा झालं तेच आमच्याकडे झालं, लोकांकडून त्यातल्या '२० जे' कलमाखाली लिहून घेतलं की आम्ही आहे त्या पगारात समाधानी आहोत, आणि मग २०१२ मध्ये सगळ्यांना नवीन करार. अकरा पानं, इंग्रजीत. एचआरच्या मुलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या तिथे तिथे सह्या करायच्या. मास्तरांनी केल्या. मीपण केल्या. वाचलं कुणीच नाही.

अडचण: ऑगस्ट २०१९

त्या ऑगस्टला कृष्णा पंचगंगेला आलेला महापूर सगळ्यांना आठवत असेल. मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोचे स्टिकर लावले म्हणून राज्यभर बोंब झाली होती. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू होते, विधानसभा दोन महिन्यांवर होती, आणि मदत वाटायला जो तो आपला फोटो घेऊन फिरत होता. मास्तरांनी यावर चित्र काढलं.

चित्र असं: भिंत पडलेलं घर, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, चिखल. मधोमध दावणीला म्हैस, बावीस वर्षांत पहिल्यांदा कोपरा सोडून मध्ये आलेली. पांढऱ्या कपड्यातला एक कार्यकर्ता एका हाताने तिच्या कपाळावर स्टिकर चिकटवतोय, दुसऱ्या हातातली वैरणीची पेंढी त्याने पाठीमागे धरलीय. फुग्यात वाक्य: "थांब, आधी स्टिकर, मग वैरण." आणि खाली मथळा: "लाभार्थी क्रमांक एक". साहेब हसले, म्हणाले टाका. मीपण हसलो. मास्तर सातच्या गाडीने गेले.

रात्री सव्वानऊला जाहिरातवाल्यांचा फोन आला की संपादकीय पानावर तळाला एक मोठी जाहिरात येतेय, घ्यावीच लागेल. आता चित्राला तीन कॉलमची जागा राहिली नाही, दोनच कॉलम. मी चित्र बारीक केलं. बारीक केल्यावर फुग्यातलं हाताने लिहिलेलं वाक्य वाचायला येईना, शाई न्यूजप्रिंटवर पसरते त्यात तर नाहीच नाही, म्हणून मी फुगा खोडला. आणि खालचा मथळा दोन कॉलमात एका ओळीत बसावा म्हणून 'क्रमांक एक' काढून नुसतं 'लाभार्थी' ठेवलं. मास्तरांना फोन करावा असं मनात आलं होतं, पण दहा वाजत आलेले, आणि ते साडेनऊला झोपतात हे मला माहिती होतं. डाक सुटली. अकरा वाजता जाहिरात शहर आवृत्तीतून निघाली, तिथे चित्र परत तीन कॉलमी, फुग्यासकट, पूर्ण मथळ्यासकट लागलं.

म्हणजे शहरातल्या लोकांनी एक चित्र बघितलं आणि पुराने ज्यांची घरं गेली त्या तालुक्यांमध्ये दुसरंच गेलं. त्या दुसऱ्या चित्रात पडलेलं घर, दावणीला म्हैस, कपाळावर काहीतरी काळा ठिपका, आणि खाली शब्द एकच: लाभार्थी.

सकाळी साडेसातला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की पेपरने पूरग्रस्तांना म्हैस म्हटलं. खरं सांगायचं तर डाकेचं चित्र बघितल्यावर मलापण तेच दिसलं. रागावलेले सगळेच काही कुणी पाठवलेले नव्हते. ज्यांना स्टिकर झोंबला होता त्यांनी आग पसरवली हे खरं, पण लाकूड आम्हीच पुरवलं होतं. अकरा वाजेपर्यंत एका तालुक्याच्या कार्यालयासमोर पन्नाससाठ माणसं, अंकांची होळी, निवेदन, चोवीस तासांत माफी नाहीतर बघून घेऊ.

कुठले पर्याय होते

बारा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमलो. साहेब, व्यवस्थापक, जाहिरातप्रमुख, मी. मास्तरांना बोलावलं नव्हतं, ते बाहेर आपल्या टेबलापाशी ब्रश धूत बसले होते, आणि ही गोष्ट मला त्या दिवशी खटकली नाही हेच आता जास्त खटकतं.

पहिला पर्याय साहेबांचा: उद्या पूर्ण चित्र पहिल्या पानावर छापू, खाली लिहू की डाक आवृत्तीत तांत्रिक कारणाने अर्धवट छापलं गेलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. माझ्या मते हाच बरोबर होता. त्यात खरं काय ते होतं, चूक पेपरची आहे हे होतं, आणि टीका जिथे लागायची तिथेच लागली असती. पण व्यवस्थापक म्हणाले पूर्ण चित्र छापलं तर आत्ता जे चिडलेत ते शांत होतील आणि जे आत्ता शांत आहेत ते चिडतील, आणि त्यांच्याच जाहिराती दोन महिने येणारेत. हा हिशेब चुकीचा नव्हता, घाणेरडा होता एवढंच.

दुसरा पर्याय, गप्प बसायचं, दोन दिवसांत गणपती येतायत, लोक विसरतील. तो कुणाला पटला नाही. २०१६ ला मराठा मोर्चाच्या वेळी 'सामना'त आलेल्या चित्रावरून केवढं झालं होतं, कार्यालयावर हल्ला झाला होता, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. २०१२ चं पाठ्यपुस्तकाचं प्रकरणपण कुणीतरी काढलं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ ला राज्यघटनेच्या संथ कामावर काढलेलं नेहरू आणि आंबेडकरांचं चित्र अकरावीच्या पुस्तकात छापलं, त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोड झाली. चित्र त्याच्या दिवसातून किंवा त्याच्या ओळीतून बाहेर काढलं की ते काय बोलेल याचा भरवसा नाही. शंकरांचं चित्र त्रेसष्ट वर्षांनी त्याच्या दिवसातून बाहेर पडलं. आमचं तीन तासांत पडलं होतं.

तिसरा पर्याय: चार ओळींची माफी आणि व्यंगचित्रकाराला बाजूला करायचं.

तिसराच निवडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट आली, त्यात भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी होती आणि शेवटचं वाक्य होतं की सदर चित्रातील मत हे व्यंगचित्रकाराचे वैयक्तिक असून दैनिक त्याच्याशी सहमत नाही. फुगा मी खोडला, मथळा मी कापला, जाहिरात त्यांनी घेतली, चित्र साहेबांनी पास केलं, आणि मत मात्र मास्तरांचं वैयक्तिक. ही चौकट पानात मीच लावली, हेपण लिहितो.

मास्तरांना सांगितलं की गणपती होईपर्यंत रजा घ्या. ते "बरं" म्हणाले. बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, जाहिरात, फुगा, मथळा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, फोन करायचा की. मी बारीक साइजला बसेल असं दुसरं काढून दिलं असतं, सायकलवर आलो असतो." त्यांचं गाव अठरा किलोमीटरवर.

पुढचे सात महिने

रजेवरून आल्यावर संपादकीय पानावरचं मोठं चित्र बंद. पॉकेट कार्टून चालू, पण साहेबांकडून पास झाल्यावर ते व्यवस्थापकांकडेपण दाखवायचं. आता विषय उरले कसले तर पाऊस, मोबाइलचं वेड, नवरा बायको, कांद्याचा भाव, तोसुद्धा कुणाचं नाव न घेता. त्याच वर्षी १ जुलैपासून न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं कायमची बंद केली होती, एका चित्रावरून वाद झाल्यावर. हे मी मास्तरांना सांगितलं, म्हटलं बघा एवढ्या मोठ्या पेपरचीपण हीच गत. त्यांना त्याने काही बरं वाटलं नाही, कशाला वाटेल. म्हैस चित्रात होती पण पाठमोरी. हे मुद्दाम होतं का, विचारल्यावर त्यांनी नुसतं हसून सोडून दिलं.

या सात महिन्यांत बाहेर पडायचा विचार त्यांनी केला का? केला. आमच्यात एकजण म्हणायचा, "मास्तर, बाळासाहेबांनी फ्री प्रेसची नोकरी सोडली आणि १९६० ला स्वतःचा 'मार्मिक' काढला, तुम्ही पण काढा." बोलायला सोपं आहे. वय एक्कावन्न, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचं कर्ज, आणि मुख्य म्हणजे साप्ताहिक काढायला जे लागतं ते व्यंगचित्र काढायला लागतं त्याहून वेगळं असतं, माणसं जमवणं, एजंटांकडून पैसे वसूल करणं, हे मास्तरांच्याने झालं नसतं हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

मार्च २०२०

लॉकडाऊन लागला. पानं सोळाची आठ, नंतर तीपण कमी, जाहिराती शून्य, पगारात कपात. एप्रिलच्या शेवटी एचआरचा फोन: तुमचं पद आम्ही बंद करतोय, पण तुम्हाला सोडायचं नाहीये, तुम्ही राजीनामा द्या, आम्ही तुम्हाला चित्रामागे साडेतीनशे रुपयांवर ठेवतो. राजीनाम्याचा मजकूर पण त्यांनीच ईमेलने पाठवला.

मास्तरांनी तो दुसऱ्याच दिवशी सही करून पाठवून दिला. मला चार दिवसांनी कळलं. मी ओळखीच्या एका वकीलसाहेबांना फोन लावला, ते ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "राजीनामा कशाला दिला? काढू द्यायचं होतं." कारण १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराची जी व्याख्या होती त्यात बातमीदार, उपसंपादक यांच्याबरोबर व्यंगचित्रकार हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. कामावरून कमी करायचं तर तीन महिन्यांची नोटीस नाहीतर तेवढा पगार, वर नुकसानभरपाई. राजीनामा दिला की ते सगळं गेलं. ग्रॅच्युइटी राहते, सव्वीस वर्षांची, ती मिळाली. पण कागदावर पद 'कलाकार' असल्यामुळे बाकीच्यासाठी भांडायचं म्हटलं तरी आधी हे सिद्ध करत बसायचं की हा माणूस व्यंगचित्रकार होता. बावीस वर्षं रोज पहिल्या पानावर सही असून.

आणि याच महिन्यात दुसरी भानगड. वर्गणीदार वाढवायला मार्केटिंगने एक स्कीम आखली होती, एका दूध डेअरीबरोबर, वर्षाची वर्गणी भरा आणि तुपाचा डबा घ्या असली. त्या डब्यावर, बॅनरवर आणि रिक्षाच्या पाठीवर मास्तरांची म्हैस. आता ती बोलणार होती. "खाऊन तर बघा!" म्हणणार होती. मास्तरांना हे कळलं ते डिझायनर पोराने समोरून काढलेली म्हैस कशी जमवायची विचारायला फोन केला तेव्हा.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तर चिडलेले मी तेव्हा बघितले. नोकरी गेली तेव्हा नाही चिडले.

काय केलं

त्यांना दोन गोष्टी पाहिजे होत्या. म्हैस डब्यावर जाऊ नये, आणि बावीस वर्षांतल्या निवडक चित्रांचं पुस्तक. कंपनीला पुस्तकाचं पत्र लिहिलं तर तीन ओळींचं उत्तर आलं की सदर सर्व चित्रं ही कंपनीची मालमत्ता आहेत. ऑगस्टमध्ये वैयक्तिक होती, मे महिन्यात मालमत्ता झाली.

वकीलसाहेबांनी २०१२ चा करार मागवला. सापडायला आठवडा गेला, वहिनींनी तो पिठाच्या डब्याखालच्या कागदांमध्ये ठेवला होता. आठव्या पानावर एक कलम होतं की नोकरीच्या काळात केलेलं सगळं काम, सगळे हक्क, कायमचे आणि जगभरातले, कंपनीचे. सही मास्तरांची, फुलीपाशी.

पण वकीलसाहेबांनी जे समजावलं ते मी इथे लिहितो, कारण माझ्या पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७. पेपरच्या नोकरीत असताना पेपरात छापण्यासाठी काढलेलं चित्र असेल, तर पेपरात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे पुस्तक, प्रदर्शन, कॅलेंडर, तुपाचा डबा, पहिला हक्क चित्रकाराचा. अट एकच, याच्या उलट करार झालेला नसला पाहिजे. म्हणजे १९९७ ते २०१२ पर्यंतच्या चित्रांवर, तेव्हा असला करारच नव्हता म्हणून, मास्तरांचा हक्क शाबूत. २०१२ नंतरच्या चित्रांवर मात्र ते कलम बसलेलं. आणि म्हैस तर १९९७ ची.

आता ठरवायचं होतं की कोर्टात जायचं का. वकीलसाहेब तयार होते, पण म्हणाले की वर्षं जातील आणि २०१२ नंतरच्या चित्रांचं काय होईल सांगता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे बसून बोलायचं. मास्तर म्हणाले बसू. त्यांच्या हातात एक गोष्ट होती: जुन्या चित्रांबद्दल आणि म्हशीबद्दलची कायदेशीर नोटीस, जी टाइप करून तयार होती पण पाठवली नव्हती. वकीलसाहेबांनी ती नुसती सोबत नेली आणि टेबलावर ठेवली.

तीन बैठका झाल्या, दोन मास्क लावून आणि एक फोनवर. शेवटी लेखी ठरलं ते असं: म्हैस मास्तरांची, कंपनी जाहिरातीला वापरणार नाही. २०१२ च्या आधीच्या चित्रांबद्दल कंपनीची हरकत नाही. नंतरच्या चित्रांपैकी मास्तर यादी देतील तेवढी पुस्तकात वापरायला ना हरकत. बदल्यात मास्तर नोटीस पे वगैरेसाठी पुढे काही मागणार नाहीत, जे तसंही जवळजवळ गेलेलंच होतं. खरं सांगायचं तर म्हैस सुटली त्यात आमच्या हुशारीपेक्षा लॉकडाऊनचा वाटा जास्त होता, स्कीमच बारगळली होती, डेअरीनेच हात काढून घेतला होता.

मास्तरांनी यादी दिली, साठ चित्रांची. कंपनीने एकोणसाठना हो म्हटलं. एक सोडून. कुठलं ते सांगायला नको.

काय झालं

साडेतीनशे रुपयांवर मास्तर चार महिने चित्रं देत राहिले, मग बंद केलं. २०२१ च्या दिवाळीपासून दिवाळी अंकांना चित्रं देतात, मानधन कधी येतं कधी पुढच्या दिवाळीला येतं. लग्नाच्या हॉलमध्ये बसून पाहुण्यांची कॅरिकेचर काढायची कामं मिळतात, पाच मिनिटात एक, आणि एका लग्नाचे पैसे पेपरच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला पोचतात हे सांगताना ते जरा ओशाळतात. घरी एलिमेंटरी इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास आहेत. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर एक चित्र जातं, ते फुकट, पण विषय परत जुने झालेत आणि म्हैस परत समोर तोंड करून आहे.

पुस्तक निघालं, स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती. त्यातल्या बऱ्याच चित्रांची मूळ कार्डशीट नव्हतीच, ऑफिसच्या एका साफसफाईत रद्दीत गेली होती, मी लायब्ररीतल्या फायलींमधून मोबाइलवर फोटो काढून आणले, पिवळ्या पडलेल्या, कडा तुटलेल्या. वहिनींनी घरात जपलेली चारशेएक मूळ चित्रं नसती तर पुस्तक झालंच नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. चित्र छोटं करायचं तर चित्रकाराला विचारल्याशिवाय नाही, आणि वेळ नसेल तर चित्रच काढायचं, त्या जागी वाचकांची दोन पत्रं लावायची. मी बातमीतला एक शब्द कापताना बातमीदाराला फोन करायचो, पण चित्रातलं वाक्य खोडताना मला ते मजकूर वाटलंच नाही, सजावट वाटली. आमच्या धंद्यात पुष्कळांना असंच वाटतं. मास्तरांनीपण एखादा दिवस साडेदहापर्यंत थांबून पान लागताना बघायला हवं होतं, किमान निवडणुकीच्या दिवसांत, हे त्यांचंच म्हणणं आहे.

बारा वाजताच्या मीटिंगला मास्तर आत असते तर? माझा अंदाज आहे की निर्णय तोच झाला असता, पण 'वैयक्तिक' हा शब्द त्यांच्या तोंडासमोर लिहायला साहेबांना जड गेलं असतं.

कागदांचं म्हणाल तर नेमणुकीच्या पत्रातलं पद १९९७ लाच बदलून घ्यायला हवं होतं, तेव्हा मालक खूश होते, एका अर्जाचं काम होतं. २०१२ ला करार आला तेव्हा आम्ही चाळीस जण होतो आणि चाळिसातल्या एकानेही आठवं पान उघडलं नाही. एकट्याने सही नाकारणं कुणालाच शक्य नव्हतं हे खरं, पण पुस्तक आणि प्रदर्शनापुरतं एक वाक्य घालून द्या एवढं मागता आलं असतं. व्यवस्थापनाला तेव्हा मजिठियाची भीती होती, चित्रांची पडलेली नव्हती. आणि राजीनामा. ईमेल आल्यावर चार दिवस थांबले असते तर किमान तीन महिन्यांचा पगार तरी होता. मास्तरांना विचारलं इतकी घाई का केली, तर म्हणाले, "मागितला, दिला. मला वाटलं उशीर केला तर साडेतीनशेपण जातील."

कोर्टात जायला हवं होतं का यावर आमचं आजपण एकमत नाही. वकीलसाहेब म्हणतात त्या एका चित्रासाठी तरी जायला हवं होतं, कारण माफीची चौकट हाच आपला पुरावा होता, ज्या मताशी कंपनी सहमत नाही त्याची ती मालक कशी. मास्तर म्हणतात एका चित्रासाठी एकोणसाठ अडकवून कोण ठेवेल.

त्यांनी एक बदल मात्र केलाय. आता फुगा वेगळा काढतच नाहीत. वाक्य भिंतीवर, पाटीवर, गाडीच्या नंबरप्लेटवर, म्हशीच्या झुलीवर, असं चित्राच्या रेषेतच लिहितात, खोडायला गेलं तर भिंतच जाईल असं.

त्या चित्राचं मूळ कार्डशीट स्कॅन झाल्यावर माझ्या ड्रॉवरमध्येच राहिलं होतं. मी पेपर सोडला तेव्हा ते सामानात आलं आणि गेल्या वर्षी मास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावलंय, फुग्यासकट, पूर्ण मथळ्यासकट. छापायचा हक्क कंपनीचा आहे. कागद कुणाचा हे अजून कुणी विचारायला आलेलं नाही.